जरासेच तर लागले आहे!

वर लिहिलेले वाक्य तुम्हांला नवीन नाही. मामू गॅरेजमध्ये काम करत असतात. पाना सटकतो आणि बोटाची साल निघते. अम्मी विचारते, तेव्हा मामू हात मागे घेऊन म्हणतात, "कुछ नहीं, ज़रा-सा लगा है." शेजारचे काका बाभळीची फांदी तोडत असतात. कुऱ्हाड नडगीला चाटून जाते. तेही म्हणतात, "जरासंच लागलंय, चालायचंच!" भाषा दोन, पण वाक्य एकच.

आपल्या जालना जिल्ह्यात हे वाक्य जास्त ऐकू येते, कारण येथे हातांनी कष्ट करणारी माणसे फार आहेत. जालना शहरात भंगाराचे लोखंड वितळवून त्याच्या सळया करणारे मोठे कारखाने आहेत. कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये काम असते. शेतात विळा, कुऱ्हाड आणि मळणी यंत्र असते. गोठ्याजवळ कडबा कुट्टी असते. कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटे वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी रोज ओरबाडतात. त्यांनी प्रत्येक ओरखड्यासाठी दवाखाना गाठायचा म्हटले, तर कापूस वेचणार कोण?

शिवाय मजुरी रोजंदारीची असते. 'रोज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ज्या दिवशी काम, त्या दिवशीचे दाम. दवाखान्यात केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे, म्हणजे अर्धा दिवस गेला. कधी पूर्ण दिवस जातो. म्हणून लागले तरी काम चालू ठेवणाऱ्या माणसाला एकदम अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब पोटाचा असतो. प्रश्न एवढाच आहे, की तो हिशेब बरोबर आहे का?

पुष्कळदा बरोबर असतो. एक उदाहरण पाहू. डिसेंबर १९८९ मध्ये पाकिस्तानातील सियालकोट येथे भारत आणि पाकिस्तान यांचा कसोटी सामना चालू होता. सचिन तेंडुलकर तेव्हा सोळा वर्षांचा होता. तुमच्यापैकी काही जणांच्याच वयाचा! वकार युनूसचा एक चेंडू उसळून त्याच्या नाकावर बसला. नाकातून रक्त वाहू लागले. उपचार करणारे मैदानावर आले. सचिनने बाहेर जाण्यास नकार दिला आणि पुढे खेळून ५७ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावीच.

पण त्याच सचिनची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. २००४ साली त्याचा डावा कोपर दुखू लागला. रक्त नाही, सूज डोळ्यांत भरेल अशी नाही. पण बॅट फिरवली, की दुखणे वाढायचे. त्याला काही सामने सोडावे लागले. शेवटी मे २००५ मध्ये लंडन येथे त्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. नाकातून रक्त आले, तेव्हा खेळता आले. कोपरातून रक्ताचा थेंबही आला नाही, पण थांबावे लागले. खेळाडू तोच आणि त्याची हिंमतही तीच. फरक दुखापतीत होता.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. काम चालू ठेवायचे की नाही, हे रक्त पाहून ठरवता येत नाही. डोक्याला जरा खोक पडली, तरी पुष्कळ रक्त येते आणि पाहणारे घाबरतात. उलट टाचेत खिळा शिरला, तर रक्ताचे दोन थेंब दिसतात आणि कोणीच घाबरत नाही. खरे पाहता या दोहोंत खिळ्याला जास्त भ्यायला हवे. का, ते पाहू.

मातीत आणि जनावरांच्या शेणात एक जंतू असतो. तो इतका चिवट, की कोरड्या मातीत वर्षानुवर्षे झोपल्यासारखा पडून राहतो. पाणी उकळले तरी तो सहज मरत नाही. त्याला हवा मात्र सोसत नाही. उघड्या, धुतलेल्या जखमेत त्याला वाढता येत नाही. पण काटा किंवा खिळा खोल गेला आणि वरचे तोंड मिटले, की आत हवा पोहोचत नाही. ही जागा त्याला फार मानवते. तेथे तो जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो. या रोगाला मराठीत धनुर्वात म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला कुज़ाज़ म्हणता.

लोक म्हणतात, गंजलेला खिळा लागला तर धनुर्वात होतो. यात थोडी चूक आहे. गंज विषारी नसतो. पण गंजलेला खिळा बहुधा मातीत, उकिरड्यावर पडलेला असतो आणि त्याच्या खडबडीत अंगावर घाण बसते. नवा कोरा खिळासुद्धा शेणातून पायात गेला, तर तेवढाच वाईट. बाभळीच्या काट्यावर तर गंज मुळीच नसतो, आणि आपल्या भागात पायात काय मोडते? बाभळीचा काटाच.

विषाचे काम कसे चालते, तेही समजून घ्या. आपण हात वाकवतो, तेव्हा एक स्नायू आखडतो आणि समोरचा सैल पडतो. सैल पडण्याचा हुकूम नसांतून येतो. धनुर्वाताचे विष नसांच्या वाटेने वर चढते आणि हा हुकूमच अडवते. मग स्नायू आखडतात, ते सुटत नाहीत. बहुतेक रोग्यांचा आधी जबडा आखडतो. भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडत नाही. नंतर मान आणि पाठ ताठ होते. शेवटी शरीर धनुष्यासारखे वाकते, म्हणून या रोगाचे नाव धनुर्वात. रोगी शुद्धीवर असतो. दार आपटले किंवा दिवा लागला, तरी त्याला झटके येतात. म्हणून त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात.

आणि हे सर्व केव्हा होते? काटा लागल्यावर लगेच नाही. बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही. तोवर जखम भरलेली असते. तो माणूस आठवडाभर कामावर गेलेला असतो आणि 'पाहा, मला काही झाले नाही' असेही सर्वांना सांगून झालेले असते. या रोगाचा खरा कावा हाच आहे.

आपल्या जिल्ह्यातील असई हे गाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. आर्थर वेलस्ली हा इंग्रजांचा सेनापती होता. एकट्या इंग्रजांच्या बाजूचेच अकराशेहून अधिक लोक जखमी झाले. मराठ्यांचीही फार माणसे पडली. इंग्रजांच्या जखमींना पुढे अजिंठा गावी हलवण्यात आले. त्या काळी जखमेत जंतू शिरतात, हे जगात कोणत्याच वैद्याला, हकिमाला किंवा डॉक्टरला माहीत नव्हते. शस्त्र आणि हात धुतल्याशिवायच गोळी काढत. गोळीने वाचलेला माणूस जखमेने जाई.

एवढे मागे जायलाही नको. १९४१ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस रुग्णालयात होता. त्याच्या चेहऱ्यावर लहानशी जखम झाली होती. ती चिघळली. पू डोळ्यांपर्यंत आणि डोक्याच्या कातडीपर्यंत पसरला. एक डोळा काढावा लागला. त्याच वेळी तेथील शास्त्रज्ञ पेनिसिलिन हे नवे औषध तयार करत होते. १२ फेब्रुवारी रोजी त्याला ते टोचण्यात आले आणि तो झपाट्याने सुधारू लागला. परंतु औषध फारच थोडे होते. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून, पुन्हा त्यालाच देण्यात आले. तेही संपले. १५ मार्च रोजी तो मरण पावला. आज ते औषध तालुक्याच्या गावीही मिळते. त्या पोलिसाकडे औषध नव्हते. आपल्याकडे औषध आहे, पण आपण उशिरा जातो.

आता कामाचे बोलू. लागल्याबरोबर काम थांबवा. दिवसभर नव्हे, पंधरा मिनिटे. एवढा वेळ मुकादमही देतो आणि शेतही देते. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबा. हात किंवा पाय उंच धरा. दहा मिनिटे दाबून ठेवा. 'थांबले का?' म्हणून दर मिनिटाला फडके उचलून पाहू नका. तसे केल्याने साकळलेले रक्त पुन्हा सुटते. बोटाला सुतळी आवळण्याची आपल्याकडे सवय आहे. ती वाईट आहे. बोट काळेनिळे पडते. बोटात अंगठी असेल, तर सूज येण्यापूर्वी काढा.

रक्त थांबले, की जखम धुवा. वाहते स्वच्छ पाणी आणि साधा साबण यांसारखे औषध नाही. पाच-दहा मिनिटे धुवा. माती, लोखंडाचा कीस, कुसळ, जे दिसेल ते निघून जाऊ द्या. मात्र काचेचा किंवा लोखंडाचा मोठा तुकडा खोल रुतला असेल, तर तो उपसू नका. तो तसाच ठेवून दवाखान्यात जा.

जखमेत काय काय भरतात, याची यादी केली तर तुम्हांला हसू येईल आणि रडूही. तंबाखू, विडीची राख, चुना, कोळ्याचे जाळे, रॉकेल, चहाची पावडर आणि शेवटी काही नाही तर चिमूटभर माती! ज्या मातीत धनुर्वाताचा जंतू राहतो, तीच आपण हाताने आत भरतो. हळदीविषयी घरोघरी फार श्रद्धा आहे. दादीने प्रेमाने आणलेली हळद नाकारणे अवघड जाते, हे खरे. तिला सांगा, "दादी, हळद दुधात घालून द्या, मी पितो. जखमेला मात्र पाणीच लावू द्या." भाजलेल्या जागेवर शाई किंवा दातांची पेस्टही लावू नका. तेथे वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडा. बर्फ नको.

धुऊन झाल्यावर जखमेकडे नीट पाहा. ओरखडा आहे, साल निघाली आहे, कडा मिटलेल्या आहेत, बोट पूर्ण वाकते आणि पूर्ण सरळ होते, टोकाला स्पर्श कळतो, असे असेल तर स्वच्छ पट्टी बांधून कामाला लागायला हरकत नाही. पट्टी मळली किंवा भिजली, की बदलायची. रोज संध्याकाळी उघडून पाहायचे.

पण जखमेच्या कडा फाकल्या असतील, तर टाके लागतील. ते पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले चांगले. 'आज पाळी संपवतो, उद्या जातो' असे म्हटले, तर डॉक्टर कदाचित टाकेच घालणार नाहीत, कारण आत घाण कोंडली जाते. बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर आतली दोरी किंवा नस तुटली असण्याचा संभव असतो. वरून जखम भरते आणि बोट जन्मभर तसेच राहते. डोळ्यात लोखंडाचा कण उडाला, तर डोळा चोळायचा नाही आणि रुमालाच्या टोकाने कोणाकडून काढूनही घ्यायचा नाही. सरळ दवाखाना.

कुत्रे चावले, तर जखम किती मोठी हे पाहायचेच नाही. दात नुसता घासला असला आणि रक्त आले नसले, तरी पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जायचे. कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज एकदा सुरू झाला, की त्यावर इलाज जवळजवळ नाही. साप चावला, तर जखम चिरू नका, चोखू नका आणि दोरी आवळू नका. तो हात किंवा पाय शक्य तेवढा स्थिर ठेवा आणि रोग्याला चालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत.

घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर त्यांच्या पायांवर तुमचे लक्ष हवे. या आजारात पायांची जाणीव कमी होते. नानांच्या टाचेत काच शिरते आणि त्यांना ती कळतही नाही. ते मशिदीत जाऊन येतात, बाजार करून येतात आणि मोजा ओला लागला, तेव्हा घरच्यांना समजते. त्यांचे 'ज़रा-सा लगा है' मुळीच ऐकू नका. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचे तळपाय तुम्हीच पाहा. तुमचे डोळे त्यांच्यापेक्षा तीक्ष्ण आहेत.

आता तुमच्याविषयी. धनुर्वाताची लस आपल्या देशात सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. लहानपणी तिचे डोस होतात. पुढे एक डोस दहाव्या वर्षी आणि एक सोळाव्या वर्षी असतो. सोळाव्या वर्षाचा डोस पुष्कळ जण विसरतात, कारण तेव्हा दहावीची परीक्षा डोक्यात असते. या लसीमुळे केवढे काम झाले आहे, ते ऐका. पूर्वी बाळंतपणात मळकट विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली जाई आणि तान्ही मुले धनुर्वाताने दगावत. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे हा नवजात बालकांचा धनुर्वात भारतात जवळजवळ नाहीसा झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले. मात्र हा जंतू देवीच्या रोगासारखा कायमचा घालवता येत नाही. तो मातीत आहे आणि राहणार. ज्याने लस घेतली, तोच सुरक्षित. शेजाऱ्याने घेतलेली लस येथे आपल्या कामी येत नाही.

याबाबत दोन गैरसमज आहेत. काही जण दर सहा महिन्यांनी हे इंजेक्शन घेतात. त्याची गरज नसते. लहानपणचे डोस पूर्ण असतील आणि जखम खोल व घाणेरडी असेल, तर शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून जास्त काळ झाला आहे का, एवढे डॉक्टर पाहतात. दुसरा गैरसमज जास्त वाईट. 'सुई घेतली, आता धुण्याची गरज काय?' सुई धनुर्वात अडवते, पू अडवत नाही.

कामावर लागले असेल, तर घरी येण्यापूर्वी मुकादमाला किंवा मालकाला सांगून नोंद करून घ्यायला मोठ्यांना सांगा. कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ सालीच झाला. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलत गेली. पण इजा कामावर झाली, हे दाखवावे लागते. त्या दिवसाचा केसपेपर तेथे उपयोगी पडतो. आठ दिवसांनी काढलेला केसपेपर तेवढा उपयोगी पडत नाही. रोजंदारीचा हिशेब करताना हीही बाजू धरायला हवी.

दवाखान्यात गेल्यावर मात्र बोलावे लागते, आणि बहुधा मराठीत. 'जखम', 'इलाज', 'मलम', 'दवाखाना' हे शब्द तुमच्याच घरचे आहेत. मराठीने ते कधीच आपले केले. फक्त 'ज़ख़्म'चा नुक्ता येथे गळून पडला आणि 'मरहम'चा मलम झाला. पण नुसते 'दुखते' म्हणून डॉक्टरांना पुरेसे कळत नाही. मराठीत दुखण्याचे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. खरचटलेल्या जागी पाणी लागले, की झोंबते. त्यात भिण्यासारखे नाही. पाय टेकला, की एकाच ठिकाणी टोचल्यासारखे होते, त्याला खुपणे म्हणतात. काट्याचे टोक आत मोडून राहिले, तर असे खुपते. नाडीबरोबर ठोके पडल्यासारखे दुखते, ते ठणकणे. रात्री ठणक लागून झोप येत नसेल, तर आत पू धरला असावा. बोट बधिर झाले, म्हणजे त्याला स्पर्शच कळत नाही. जखमेपासून लाल रेघ वर चढत असेल, काखेत किंवा जांघेत अवधाण आले असेल, म्हणजे गाठ सुजून दुखत असेल, अंगात ताप असेल, तर हे न विचारता सांगायचे.

समजा, नानांना घेऊन तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला आहात. नानांना मराठी समजते, पण बोलताना अडखळतात. परिचारिका विचारते, "काय झालं?" तुम्ही म्हणा, "ताई, परवा दुपारी यांच्या उजव्या टाचेत खिळा गेला. चप्पल होती, तरी आत शिरला. खिळा गोठ्यातला होता. आम्ही काल रात्री पाहिलं, तेव्हा साबणानं धुतलं. आत काही भरलं नाही. कालपासून टाच ठणकतेय, आणि आज सकाळपासून ताप आहे. यांना साखर आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते यांना आठवत नाही." एवढे ऐकल्यावर तिला दुसरे काही विचारावे लागणार नाही. नाना मध्येच म्हणतील, "अरे, ज़रा-सा लगा है!" त्यांना म्हणू द्या. तुम्ही त्यांची चप्पल काढून पाय पुढे करा.

स्वाध्याय

१. सचिन तेंडुलकरच्या दोन्ही दुखापतींत कोणता फरक होता? आपल्या शब्दांत लिहा.

२. खोल गेलेला काटा उघड्या ओरखड्यापेक्षा जास्त धोक्याचा का?

३. झोंबणे, खुपणे, ठणकणे, बधिर होणे, हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा. उर्दूत यांना काय म्हणतात, ते घरी विचारा.

४. तुमच्या बहिणीच्या हातावर गरम तेल उडाले आहे. दवाखान्यात तुम्ही काय सांगाल? पाच-सहा वाक्ये लिहा.

५. तुमचे लसीकरणाचे कार्ड घरी शोधा. धनुर्वाताचा शेवटचा डोस कोणत्या साली झाला, ते वहीत लिहून आणा.